मावशी की आत्या?

मी दत्तक मुलगा. आई-बाबांनी हे लहानपणीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे पुढे धक्का वगैरे काही बसला नाही. चाळिशीनंतर मात्र प्रत्येक डॉक्टर विचारायला लागला, "घरात कुणाला शुगर, हार्ट?" दर वेळी "माहीत नाही" म्हणून कंटाळलो आणि डीएनए चाचणीचं किट मागवलं. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. (आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.) सात आठवड्यांत निकाल आला.

माझ्याशी डीएनए जुळणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर एक बाई होती. १७६० सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं एकक). आई-मुलाचे साधारण ३४०० च्या वर जुळतात. हे त्याच्या निम्मे. म्हणजे आजी, आत्या, मावशी, सावत्र बहीण (आई किंवा वडील एकच असलेली), यांतली कुणीही! वेबसाइटने सगळ्यांवर एकच शिक्का मारलेला: 'जवळचे नातेवाईक'. मदत केंद्राला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. अहो, पण मी या बाईंना हाक काय मारू? मराठीत आत्या वेगळी, मावशी वेगळी. बाजू कळल्याशिवाय तोंडातून शब्दच फुटत नाही. महिनाभर मी नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

शेवटी स्वतःच वाचत बसलो तेव्हा उलगडलं. पुरुषाला एक्स क्रोमोसोम फक्त आईकडून मिळतो, वडिलांकडून येतो तो वाय. आमच्या दोघांचा एक्सवरचा चांगला मोठा तुकडा जुळत होता. आत्या बाद! (बायकांना ही युक्ती इतकी सरळ लागू होत नाही, त्यांना एक्स दोन्हीकडून येतो.) तरी आजी, मावशी किंवा आईची दुसरी मुलगी, हा घोळ उरलाच. तो विचारल्याशिवाय सुटणार नव्हता.

पहिल्या निरोपात मी दोन पानं जीवनकथा लिहिली. नऊ आठवडे शांतता. तसं करू नका. दुसऱ्यांदा चारच ओळी लिहिल्या: जन्मसाल, जुळलेला आकडा, आणि "उत्तर दिलं नाहीत तरी चालेल". तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या मावशी निघाल्या. जन्मदाती आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिला शुगर होती.

खाली त्यांनी विचारलं होतं, "वाढवलं त्यांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. किट मागवायच्या आधीच सांगायला हवं होतं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "तिचा फोटो आहे का मावशीकडे? मागव."