आमची वाटचाल : दहाच्या आत किनाऱ्याला

होडीतून मासे गरवायच्या फेरीच्या बुकिंगसाठी फोन करणारा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "मासा लागणार ना?" दुसरा प्रश्न असतो, "आणि नाही लागला तर?" परत किती वाजता येणार, हे विचारणारे एवढ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. आमचा सगळा धंदा मात्र त्या तिसऱ्या प्रश्नावर उभा आहे, आणि ते कळायला आम्हाला एक इंजिन घालवावं लागलं.

सुरुवातीला आम्ही तिघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि तांडेलकाका. भाऊ इंजिनांचा माणूस. काकांनी उभं आयुष्य जाळ्यावर काढलेलं. मला या दोन्हींतलं काही येत नव्हतं. बोलता येत होतं, म्हणून मी मालक झालो. २४ फुटी जुनी फायबरची होडी घेतली, तिला मागे बाहेरून लटकणारं ४० अश्वशक्तीचं एकच आउटबोर्ड इंजिन. बेत साधा होता. पहाटे पाहुणे घ्यायचे, उपसागर ओलांडून त्याच्या तोंडाशी जायचं, किंगफिश, म्हणजे आपली सुरमई, गरवायची आणि उन्हं चढायच्या आत परत. उपसागराला आम्ही 'आतलं पाणी' म्हणतो आणि दोन टोकांच्या पलीकडे जे सुरू होतं ते 'बाहेरचं'. सुरमई बहुतेक वेळा या दोघांच्या सीमेवर फिरते.

पहिला घोळ मी घातला, तोही पाटी रंगवताना. 'सुरमई' लिहिलं तर लोकांना बाजार आठवेल, म्हणून रुबाबात 'किंगफिश' लिहिलं. पहिल्याच महिन्यात एक पाहुणे आले, सोबत जाडजूड रॉड आणि पाव-पाव किलोचे जिग, म्हणजे धातूची खोटी आमिषं. ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून आलेले. तिथला आणि न्यूझीलंडचा किंगफिश म्हणजे यलोटेल, शास्त्रीय नाव सेरिओला लालांडी. पिवळ्या शेपटीचा, खांद्यात भक्कम, गळ लागला की सरळ खाली खडकात घुसून दोरी कापणारा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर किंगफिश म्हणतात तो किंग मॅकरेल. तो सुरमईच्याच वंशातला, चुलतभाऊ म्हणा. आणि आमच्या पाटीवरची सुरमई वरच्या पाण्यात धावणारी, तोंडात कात्रीसारखे दात असलेली. पाहुण्यांच्या दोरीला पुढे तार नव्हती. अर्ध्या तासात तीन जिग गेले, आणि दर वेळी दोरीचं टोक वस्तऱ्याने कापल्यासारखं स्वच्छ. ते माझ्याकडे बघायचे, मी पाण्याकडे.

पाटी त्याच आठवड्यात बदलली. अजूनही कोणी विक्रमांचे आकडे विचारतं, तेव्हा मी आधी विचारतो, कुठल्या किंगफिशचे? यलोटेलचा गळावरचा विक्रम ५२ किलोचा, न्यूझीलंडमधला, १९८४ सालचा. सुरमईचा ४४.९ किलोचा, दक्षिण आफ्रिकेतला, १९८२ चा. आमच्या होडीत येतात त्या बहुतेक तीन ते सहा किलोच्या. हेही फोनवरच सांगून टाकतो, म्हणजे धक्क्यावर तोंडं उतरत नाहीत.

दुसरा घोळ घड्याळाचा. रोज पहाटे साडेपाचला निघायचं असं आम्ही ठरवलं, कारण पाहुण्यांना तेच सोयीचं. पण भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. आज सहाला पाणी फिरत असेल, तर तीन-चार दिवसांनी त्याच वेळी ते भलतंच काही करत असतं. मासा उपसागराच्या तोंडाशी येतो तो पाण्याबरोबर येणाऱ्या तारली-बांगड्याच्या मागे. पाणी वळतं त्याच्या आगेमागे तास-दीड तास तोंडाशी खरी गडबड असते, बाकी वेळ नुसतं इंधन जाळायचं. काकांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, "काका, लोकांना पंचांग बघून सुट्टी मिळत नाही." त्या हंगामात निम्म्याहून जास्त फेऱ्या रिकाम्या आल्या. दुसऱ्या हंगामापासून भरती-ओहोटीचं कोष्टक पुढ्यात घेऊनच तारखा काढायला लागलो. महिन्यातले दहा-बारा दिवस सरळ बंद ठेवले. बँकेचा हप्ता चालू असताना होडी धक्क्याला बांधून ठेवायला छाती लागते. भावाने तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं.

इंजिन गेलं ते तिसऱ्या हंगामात.

त्या दिवशी होडीत सहा पाहुणे होते आणि आम्ही दोघं, मी नि काका. एवढी माणसं घ्यायला नकोच होती, पण एक मोठं कुटुंब होतं आणि दोघांना किनाऱ्यावर ठेवा असं सांगायची माझी जीभ रेटली नाही. सकाळभर काही नाही. साडेनऊला सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर कोसळायला लागला. खाली छोटी मासळी उकळल्यासारखी उडत होती. पहिली सुरमई लागली, मग दुसरी. काका दोनदा म्हणाले, "चला आता." मी म्हटलं, "अजून एक." पाहुणे खूश होते, आणि पहिल्यांदाच असं वाटत होतं की हे लोक दहा जणांना सांगतील. एकाच्या दोन झाल्या आणि साडेअकरा वाजले.

आता यात काय बिघडलं, ते नीट सांगतो, कारण नव्याने या धंद्यात येणाऱ्याला एवढं कळलं तरी पुरे. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी त्या मानाने ऊबदार राहतं, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे. शाळेच्या पुस्तकातले मतलई वारे ते हेच. त्या वाऱ्याला आतलं पाणी तव्यासारखं सपाट असतं. ऊन चढलं की उलट होतं. जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा उठतो, दुपारपर्यंत वाढत जातो. नुसता वारा असता तरी चाललं असतं. पण त्या दिवशी ओहोटी होती, तीही अमावास्येच्या उधाणाची. अख्ख्या उपसागराचं पाणी अरुंद तोंडातून बाहेर धावत होतं आणि वारा त्याच्या अंगावर आत येत होता. असं झालं की लाट लांबट राहत नाही. ती आखूड होते, उभी होते, आणि एकीमागे दुसरी इतक्या जवळ येते की होडीला मधे श्वास घ्यायला जागा उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वारा फारसा नाही. नव्हताच. तेरा-चौदा नॉट असेल, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर. 

आम्ही आत येत होतो, म्हणजे पाणी समोरून नि लाट मागून. आठ माणसं भरलेली होडी, ४० चं इंजिन, ओहोटीच्या विरुद्ध. होडी पुढे सरकायची ती गोगलगायीसारखी, आणि मागची लाट आमच्यापेक्षा वेगाने येत होती. तिसरी की चौथी लाट मागच्या फळीवरून सरळ आत आली. घोट्यापर्यंत पाणी. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बंद इंजिनाची होडी लाटेला आडवी वळते. ती वळू लागली तेव्हा काकांनी ओरडून मला नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे पिटाळलं आणि नांगर टाकायला लावला, म्हणून तिचं तोंड लाटेकडे वळून राहिलं. मग बर्फाची पेटी रिकामी करून तिच्या झाकणाने, डब्याने, एका पाहुण्याच्या टोपीने पाणी उपसलं. लाइफ जॅकेटं सगळ्यांच्या अंगात होती, तेवढी एक अक्कल मी दाखवली होती. पाऊण तासाने एका मासेमारी होडीने दोर टाकून आम्हाला ओढून आत नेलं. इजा म्हणावी अशी कोणाला झाली नाही. त्या कुटुंबातली आजी मात्र धक्क्यावर उतरल्यावर माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंजिनात खारं पाणी गेलं होतं. भावाने ते रात्रभर उघडून बसवलं, आठ दिवस चाललं, मग कायमचं बसलं.

नियम त्यानंतर झाले. तोंडाशी लाटांच्या डोक्यावर विखुरलेला पांढरा फेस दिसू लागला की वळायचं. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्टच्या मापात हा तिसरा दर्जा, सात ते दहा नॉटचा वारा. लोकांना तो छान झुळूक वाटतो. फेस नसेल तरी दहाला धक्क्याला लागायचं, म्हणजे सव्वानऊला गळ वर. दोहोंपैकी जे आधी होईल ते. आणि ज्या दिवशी नऊ ते बाराच्या मधे ओहोटीचा जोर असेल, त्या दिवशी टोकाच्या बाहेर जायचंच नाही. पाहुणे चार, पाचवा नाही. होडीला आता दोन इंजिनं आहेत, पाणी उपसायचा पंप आहे, व्हीएचएफ रेडिओ आहे आणि तो चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर, उघडा असतो. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असते. वळायचा निर्णय काकांचा. मालक होडीत असला तरी त्याला मत नाही, हे मीच लिहून भिंतीवर लावलंय.

पैशांचा नियमही तेव्हाच झाला. मासा नाही लागला म्हणून पैसे परत नाहीत. हवेमुळे तोंडापर्यंत पोचायच्या आधी वळलो, तर पुढची फेरी फुकट. पहिल्या वर्षी या फुकट फेऱ्यांनी आम्हाला पार वाकवलं. काही जण तर हवा बिघडण्याची वाट बघत बुकिंग करतात की काय, असा संशय यायचा. तरी नियम बदलला नाही.

सकाळ तीन तासांची झाली, मग ती वाया घालवून कसं चालेल? त्यामुळे बाकीचं काम आपोआप नीटनेटकं झालं. धक्का सोडायच्या आधीच दोऱ्या तयार. पुढे वीतभराहून थोडी लांब तार, कारण जास्त लांब घातली की मासा बिचकतो. आमिषाच्या पोटात एक गळ आणि शेपटीजवळ दुसरा. सुरमई अख्खा घास घेत नाही, आधी शेपूट तोडते आणि मग उरलेल्यासाठी वळते. एकच गळ लावला तर नुसतं अर्धं आमिष परत येतं. मेलेलं आमिष ओढायचं तर तीन-चार नॉटने, सावकाश. प्लॅस्टिकचा मासा असेल तर वेग वाढवायचा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरीला लागणारा ब्रेक, सैल, कारण तिची पहिली धाव शंभर मीटरची असते आणि त्या धावेत दोरी आवळणारा पाहुणा हमखास मासा घालवतो. पुरुष पाहुणे आवळतात. बायका सांगितलेलं ऐकतात, म्हणून त्यांचे मासे जास्त येतात. यावर होडीत दर वेळी वाद होतो, पण माझ्या वहीतली नोंद तेच सांगते.

वर आलेल्या माशाचं रक्त लगेच काढतो आणि तो बर्फ नि समुद्राच्या पाण्याच्या खिचडीत पूर्ण बुडवतो. नुसत्या बर्फावर ठेवला तर खालची बाजू गार, वरची गरम. सुरमई-बांगड्याच्या जातीत मासा उन्हात राहिला की हिस्टामीन तयार होतं. मग तो कितीही शिजवला तरी ते जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर चट्टे उठतात, डोकं धरतं. फोटोसाठी मासा वीस मिनिटं हातात धरून बसणाऱ्यांना मी हे सांगतो. दोन मिनिटांत फोटो होतो. पाऊण मीटरपेक्षा लहान सुरमई परत सोडतो. साधारण त्या लांबीच्या सुमारास मादी पहिल्यांदा अंड्यावर येते. हा नियम भावाचा. तो इंजिनाखेरीज कशावर बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

होडी लागणाऱ्यांबद्दल थोडं, कारण फोनवर ते कोणी कबूल करत नाही. गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर नाही. मोबाइल खाली, नजर क्षितिजावर, बसायचं मागच्या बाजूला मधोमध. एवढं करूनही झालं तर लाजायचं नाही. काकांनाही वर्षातून एकदा होतं.

गेल्या हंगामातली गोष्ट. चार मित्र, तिसऱ्यांदा आलेले. आधीच्या दोन फेऱ्या कोरड्या गेलेल्या. पाणी सपाट, वारा पडलेला, सव्वानऊ व्हायला पाच मिनिटं. टोकाजवळ सुरय कोसळायला लागले आणि एका रिळाने किंकाळी फोडली. ती सुरमई वर आली, सहा किलोच्या आतबाहेर. दुसरा गळ टाकायला एकाने हात उचलला तेव्हा काकांनी सुकाणू वळवलं होतं. "अहो काका, फेस कुठाय? वारा कुठाय?" काका म्हणाले, "सव्वानऊ झाले." चौघांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्या गुंडाळत होतो.

दहाला दहा कमी असताना धक्क्याला लागलो. त्या दिवशी वारा दुपारी दोनपर्यंत उठलाच नाही. चौघं धक्क्यावर बसून आरशासारख्या पाण्याकडे आणि लांबवर अजूनही कोसळणाऱ्या पक्ष्यांकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून होडी धूत होतो, रोज धुतो त्यापेक्षा बराच वेळ.