डिलीट करू नका गं
आज पणजीहून म्हापशाला येताना कदंब बसमध्ये जुनी कलीग भेटली, हॉटेलात रिसेप्शनला असते, म्हणाली मॅनेजर रात्री अकराला घाणेरडे मेसेज टाकतो आणि ही काय करते तर डिलीट करते!! (तिला विचारूनच लिहितेय हे.) म्हटलं अगं बाई, स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ लिहून ठेव. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार लेखी, प्रकार घडल्यापासून 3 महिन्यांच्या आत. तिला वाटायचं एचआरला तोंडी सांगितलं की झालं. मलाही तेच वाटायचं, मी तर गप्प नोकरीच सोडली होती. बोलता बोलता वाटेतलं पर्वरी गाव कधी मागे गेलं कळलंच नाही. आत्ता तिचा मेसेज आलाय, जुन्या फोनात सात मेसेज सापडले म्हणे.