बाईंच्या तीन पट्ट्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि मैदान, स्नेहसंमेलन, गॅदरिंगची नाटकं सगळं मागे सरून सातवीच्या इंग्रजीच्या बाईच समोर उभ्या राहिल्या. बाकीच्यांवर बाकीचे लिहितीलच.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बाई शब्द लिहून आणायच्या. 'कुत्रा', 'मुलाला', 'चावला' या पट्ट्या तिघांच्या हातात देऊन त्यांच्या जागा बदलायच्या. सहाही प्रकारे उभं करून झालं तरी चावणारा कुत्राच, कारण 'मुलाला'मधला 'ला' कुठेही गेला तरी सोबत जातो. मग 'द डॉग', 'बिट', 'द बॉय'. इथे सहापैकी दोनदाच वाक्य जमतं, आणि त्यातल्या एकात मुलगाच कुत्र्याला चावतो! वर्ग खिदळायचा. बाई शांतपणे म्हणायच्या, "मराठीत प्रत्यय सांगतो, इंग्रजीत जागा सांगते."

पुढचं सगळं यावरच उभं. आधी क्रियापदाखाली रेघ. त्याला 'कोण?' विचारायचं, तो कर्ता, डावीकडे. 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारून मिळतं ते कर्म, उजवीकडे. कसं, कुठे, कधी हे उरलेलं शेवटी, सहसा याच क्रमाने. मराठी क्रियापद शेवटी बसतं, म्हणून शब्दाला शब्द लावणारा 'आय मँगो ईट' लिहितो. दुसरी खोड कर्ता गाळायची. 'काल आलो' यात 'मी' क्रियापदातच कळतो. 'केम यस्टरडे' मात्र लंगडं. 'उकडतंय'ला तर कर्ताच नाही, तिथे उसना आणायचा: 'इट इज हॉट'. प्रश्नातलं 'डिड यू वेंट' त्या एका फटक्यात खोडायच्या. भूतकाळ 'डिड'ने घेतला, आता 'गो'च.

केवल आणि संयुक्त वाक्यं दोन तासांत उरकायची. बाई रमायच्या मिश्र वाक्यात. मराठीत जरी–तरी, जेव्हा–तेव्हा जोडीनेच येतात, म्हणून वहीत हमखास 'ऑलदो इट रेन्ड, बट वी प्लेड'. दोनांपैकी एकच ठेवा, 'ऑलदो' नाहीतर 'बट'. 'व्हेन'ने सुरुवात केली की पुढे 'देन' नको. 'इफ'नंतर मात्र 'देन' चालतं, आणि पोरं फसतात ती तिथेच. एवढं बारीक कोणत्याही गाइडात नव्हतं, हे मी पैजेवर सांगेन.

2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. आम्हाला पाचवीत भेटलं होतं. आजच्या पोरांना शब्द भरपूर येतात. पण वह्या पाहाव्यात तर 'ऑलदो'शेजारी 'बट' अजून बसलेलाच. भाषांतराचं ॲप वाक्य सरळ करून देतं, ते का सरळ झालं हे कोण सांगणार?

शिक्षक-खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात बाईंचा पत्र्याचा डबा असायचा. सापडला तर 'बिट'ची पट्टी तेवढी नवी करून घ्या. तिचा कोपरा आमच्याच वर्गात फाटला होता.