जांघेतली नाडी

धाकटा सात वर्षांचा होईपर्यंत त्याला काही झालंय असं आमच्या मनातही आलं नव्हतं. संध्याकाळी खेळून आला की पोटऱ्या दुखतात म्हणायचा. मी कोमट खोबरेल चोळायची. सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर हुंदडतंय, दुखणार नाही तर काय!" पाय कायम गार, थंडीत तर बर्फ. फरशीवर अनवाणी फिरतो म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो.

मग शाळेत तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे, पण माझा समज एवढाच की वजन-उंची घेतात, गोळ्या देतात नि जातात. त्या दिवशीच्या मॅडमनी छातीवर स्टेथोस्कोप लावला, मग त्याला वळवून पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये लावला आणि तिथंच थांबल्या. मला शाळेतून फोन आला. गेले तर त्यांनी माझी दोन बोटं धरून आधी त्याच्या मनगटावर ठेवली, मग जांघेत. मनगटाची नाडी टकटक उडत होती. जांघेत मला काहीच लागेना. रात्री घरी थोरल्याला आडवं करून त्याच्या जांघेत बोटं लावली. तिथं नाडी अशी उसळत होती की माझा हात मागं आला.

सोलापुरात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हाताचा बीपी १४८, पायाचा ९२. एरवी पायाचा बीपी हाताइतका किंवा थोडा जास्तच भरतो, हे तेव्हा कळलं. रिपोर्टवर होतं 'कोआर्क्टेशन ऑफ एऑर्टा', म्हणजे मुख्य रक्तवाहिनी एका जागी आवळलेली. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी वर कमान घेऊन खाली वळते. डाव्या हाताकडं जाणारी फांदी सुटते, तिच्या जरा पुढं ती आवळलेली होती. आमचे हे शेतकरी माणूस. म्हणाले, "ठिबकच्या नळीला मुडप पडल्यावर अलीकडं नळी फुगते आणि पलीकडची झाडं सुकतात, तसंच ना?" डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. डोक्याला आणि हातांना जोर जास्त, पायांना कमी. असंच राहिलं तर पुढं हृदयावर ताण येणार, मेंदूत रक्तस्रावाचाही धोका.

घरी एका पाहुणीनं विचारलंच, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ही रक्तवाहिनी पोटात असतानाच अशी घडते, आईनं काय खाल्लं, काय चिरलं याच्याशी संबंध नाही. तरी त्या रात्री मी नऊ महिने आठवत बसले. बसतोच आपण.

ऑपरेशन सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं ठरलं. केशरी रेशनकार्ड होतं, पण त्यावर धाकट्याचं नावच चढवलेलं नव्हतं! जन्मल्यावर करू, करू म्हणत सात वर्षं गेली होती. चार हेलपाटे, दोन दिवसांचं सर्व्हर डाऊन, एकदा 'साहेब मीटिंगला'. इको झाल्यापासून नाव चढेपर्यंत सव्वा महिना गेला. घरात लहान मूल असेल तर आज उठून कार्ड तेवढं बघा. त्यानंतर पुण्याच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्रांच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसांच्या टेबलावर कागद दिले आणि तीन दिवसांत मंजुरी आली.

तिथं सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला. ह्यांनी विचारलं, "आतून बलून फुगवून रुंद करता येत नाही का?" सर्जन म्हणाले, आवळलेला भाग लांबट आहे, आणि स्टेंट, म्हणजे आतून आधाराची जाळी, बसवावा तर तो मुलाच्या अंगाबरोबर वाढत नाही. "नवीन प्रयोग तर नाही ना?" यावर ते हसले. "स्वीडनमध्ये क्राफूर्ड यांनी पहिल्यांदा केलं ते १९४४ साली. तुमच्या वडिलांपेक्षा जुनं असेल."

संमतीचा फॉर्म वाचताना मात्र हसू गेलं. आवळलेला भाग कापून शिवताना रक्तवाहिनीला दोन्हीकडून चिमटे लावून प्रवाह थोडा वेळ थांबवावा लागतो. त्या वेळात मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडलं तर पाय लुळे पडू शकतात. फार क्वचित, पण लिहिलेलं होतं. त्यासाठी अंग थोडं गार ठेवतात, असं भूलतज्ज्ञ मॅडमनी समजावलं. शिवाय शरीरानं इतक्या वर्षांत आजूबाजूनं बारीक रक्तवाहिन्यांच्या आडवाटा काढलेल्या असतात, त्यांचाही आधार असतो. ह्यांनी सही केली आणि पेन माझ्याकडं न देता खिशातच ठेवलं.

सकाळी आठला नेलं. पाणी मागत होता, देता येत नव्हतं. छाती समोरून उघडली नाही. डाव्या कुशीतून, दोन बरगड्यांमधून गेले. हृदय थांबवावं लागलं नाही, हार्ट-लंग मशिनही नाही. आवळलेला तुकडा कापून दोन टोकं एकमेकांना शिवली. चिमटा एकवीस मिनिटं होता.

आयसीयूत सिस्टर म्हणाल्या, "ताई, पायाला हात लावा." चादरीखाली हात घातला. तळवे गरम. सात वर्षांत पहिल्यांदा. नंतर शुद्धीवर आल्यावर त्यानं सांगितल्याबरोबर अंगठे हलवले, तेव्हा मी खाली बसले.

पण खरी कसोटी पुढचे दोन दिवस होती, आणि तिची कल्पना मला नव्हती. बीपी उतरायच्या ऐवजी चढला, १५०च्या वर. मी डॉक्टरांवर जवळजवळ ओरडलेच, "मग कापलं कशाला?" ते शांतपणे म्हणाले, वर्षानुवर्षं चढ्या दाबाची सवय लागलेलं शरीर एका दिवसात ती सोडत नाही, असं बऱ्याच मुलांना होतं. शिरेतून औषध चालू ठेवलं. जेवणही बंद, कारण आतड्यांना अचानक भरपूर रक्त मिळू लागलं की पोट दुखतं, सुजतं. पोरगं वरणभात, वरणभात करत रडत होतं आणि मी बाहेर जाऊन चहा पीत होते, ते अजून खुपतं. तिसऱ्या दिवशी छातीतला निचरा बाहेर काढणारी ड्रेनची नळी निघाली, पेज सुरू झाली. मग फुप्फुसं फुलावीत म्हणून श्वास आत ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं यंत्र. खोकताना उशी पोटाशी धरायला शिकवलं. आठव्या दिवशी घरी आलो.

बीपीचं औषध सात महिने चाललं, मग बंद झालं. बीपी मात्र वर्षानुवर्षं बघत राहायचं, आणि उजव्याच हाताला. जोड डाव्या हाताच्या फांदीजवळ असल्यानं तिथला आकडा फसवू शकतो. गावातल्या दवाखान्यात प्रत्येक वेळी डावा हात पुढं ओढतात, मी प्रत्येक वेळी बदलायला लावते. शिवाय त्याच्या हृदयाच्या एका झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. या आजारात तसं बऱ्याचदा असतं म्हणे. म्हणून दर वर्षी इको.

सुरुवातीला अंघोळ घालताना रोज जांघेतली नाडी बघायची. आता नऊ वर्षांचा झालाय, लाजतो. "मी बघतो," म्हणत दार लावून घेतो आणि पाण्याचा मग बुडवायच्या आधीच आतून ओरडतो, "लागली!"