बेळगावहून लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आया लेकीच्या बाळंतपणाला दुबई, लंडन, जर्मनी, अमेरिकेला निघाल्या की 23 किलोच्या बॅगेत निम्मी जागा डिंकाच्या लाडवांना जाते. लाडू नेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. रीत आणि थोडं कोरडं सामान न्या, उरलेलं तिथंच घ्या.

पहिली अडचण खसखशीची. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. सामान जप्त होऊन प्रकरण मिटेल असं नाही, कैदही होऊ शकते. लाडवातली, मसाल्यात दळलेली खसखसही त्यात आलीच. गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची वडी, नेणार असाल तर पाकिटावर घटक वाचा. कन्नडमध्ये ‘गसगसे’ लिहिलं असेल तर ती खसखसच. दुसरी अडचण दुधाची. ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आपला कुंदा घरीच ठेवायचा. तूप तिथल्या दुकानात चांगलं मिळतं. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर विमानातल्या कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवली तर दंड होतो.

अळीव इथून न्यायची गरज नाही. भारतीय दुकानात ते ‘हलीम’ किंवा ‘असेलियो’ नावानं मिळतात. बागकामाच्या दुकानातलं बी मात्र कधीच खायला घेऊ नका, पेरायच्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असू शकतं.

पन्नासेक लाडवांना हे प्रमाण धरा: डिंक 250 ग्रॅम, खारकेची पूड 500, सुकं खोबरं 250, बदाम 250, गूळ 500, तूप 350, खसखशीऐवजी भाजलेले तीळ 100 ग्रॅम, एक चमचा सुंठ आणि पाव जायफळ. खारीक इथूनच बी काढून, उन्हात कडकडीत वाळवून, दळून न्या. तिथल्या छोट्या मिक्सरचं पातं ओलसर खारकेत अडकून बसतं. खोबऱ्याचा कीस तिथं घेताना ‘साखर नसलेला’ बघून घ्या, कारण केकसाठीचा कीस गोड असतो.

लाडू बिघडतात ते बहुतेक डिंकामुळे. डिंक मुगाएवढा बारीक करा. तिकडे कडक ऊन मिळेलच असं नाही, म्हणून ओव्हनमध्ये 60 अंश सेल्सिअसवर तासभर ठेवून कोरडा करा. तूप मध्यम आचेवर तापवून एका वेळी चमचाभरच टाका. मोठा खडा बाहेरून फुलतो, आत काचेसारखा राहतो आणि दाताला चिकटतो. एक खडा बोटांनी चुरडून बघा, आतून पांढरा भुगा झाला पाहिजे. गूळ तुपात फक्त वितळवायचा. बुडबुडे येऊ दिले की पाक होतो, आणि लाडू दुसऱ्या दिवशी दगड.

शेगडीचा शेक आणि धुरी तिथं अजिबात करू नका. धुराची घंटा वाजेल ही लहान गोष्ट. खिडक्या बंद असलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेततं. कमरेला गरम पाण्याची पिशवी द्या, किंवा तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी. सिझेरियन झालं असेल तर टाक्यांजवळ काहीच नको.

बाळाच्या न्हाणीत खरी पंचाईत होते ती मोरीची. तिकडे बऱ्याच बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला वाट नसते. पायावर घेऊन न्हाऊ घातलं तर पाणी खालच्या घराच्या छतातून गळतं. त्यामुळे न्हाणी टबातच. टबाच्या तळाला रबरी चटई घाला, कारण तेलाचा हात लागला की टब शेवाळलेल्या पायरीसारखा होतो. न्हाणं झालं की भांड्यांच्या साबणानं तो घासून काढा. आधी थंड पाणी घ्या, मग गरम. 37 अंशांच्या आसपास पुरे, आपल्याला हाताला ‘छान कढत’ वाटतं ते बाळाला जास्त होतं.

घुटीबद्दल स्पष्टच सांगते. वेखंड खाद्यपदार्थांत घालायला अमेरिकेत 1968 पासून बंदी आहे. मध एक वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको. काजळ-सुरम्यात शिसं सापडतं. भस्म असलेली औषधं, काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लेकीला देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये 2011-12 साली अशा औषधांमुळे गरोदर बायकांच्या रक्तात शिसं आढळलं होतं.

तिथली व्यवस्थाही समजून घ्या, ती आपल्या सुईणीच्या जवळ जाणारी आहे. जर्मनीत सुईण 12 आठवडे घरी येऊ शकते, खर्च सरकारी आरोग्य विम्यातून होतो. हॉलंडमध्ये पहिले आठ-दहा दिवस बाळ-बाळंतिणीचं बघायला घरी बाई येते. तिच्याशी भांडू नका, तिला लाडू द्या आणि काय घातलंय ते सांगा.

जर्मनी, हॉलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एक व्हिसा चालतो, त्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. तारखेच्या तीन आठवडे आधी पोचलात तर 21 दिवस गेले, सव्वा महिन्याचे 40, हातात 29 उरले. बाळ उशिरा आलं तर तेही आटतात, म्हणून दोन आठवडे आधी पोचणं पुरे.

तुम्ही परतल्यावर लेक एकटी पडू नये, त्याची सोय जातानाच लावा. मराठी मंडळात बारशाच्या दिवशीच डब्याचा तक्ता करून घ्या: कोण सोमवारी, कोण गुरुवारी, कोणाला लसूण-तिखट कमी घालायचं माहीत आहे. आपल्याकडच्यांचा एक फायदा असा, की कन्नड संघातल्या बायकांशीही बोलता येतं. त्यांचं ‘बाणंतन’ आपल्यासारखंच, डिंकाच्या लाडवाला त्या ‘अंटिन उंडे’ म्हणतात. शेजारच्या गल्लीत धारवाडची एखादी अव्वा असेल तर मंडळाच्या आधी तिच्याकडे जा.