पैलवान साडेसहा महिन्यांचा झाला (परड्यातल्या तरण्या कोंबड्याची नोंद)

मागं लिहिलं तेव्हा पैलवान नुकता आरवायला लागला होता, त्यानंतर द्राक्षं उतरायचा सीझन आला आणि मग बेदाणा शेडवरची गडबड, त्यामुळं तीन महिने काहीच लिहिणं झालं नाही. तासगावात आता ऊन चाळिशीला टेकलंय, दुपारी घरात बसूनच आहे, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आमच्या परड्यात सात कोंबड्या, सगळ्या गावरान. दोन जुन्या, त्यातली थोरली काबरी तीन वर्षांची आणि सगळ्यांची मालकीण. बाकी पाच तलंगा (तरण्या कोंबड्या) पैलवानाबरोबरच्याच, म्हणजे एकाच खुडुकाखालच्या (अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखालच्या). दिवाळीच्या आधी निघालेली ही पिल्लं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस सातव्या दिवशी, परत चौथ्या आठवड्यात, आणि दोन महिन्यांची झाल्यावर मानमोडीची मोठी लस. लशीची बाटली शंभर डोसची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासात संपवावी लागते, त्यामुळं आमच्या गल्लीतल्या चार घरांच्या कोंबड्या एकाच दिवशी धरतो, थर्मासमध्ये बर्फ घालून मीच आणते. हे एकटीनं करण्यात काही अर्थ नाही, शेजारच्या कोंबड्या तशाच राहिल्या तर रोग कुंपण ओलांडून येतोच.

सहाव्या आठवड्यात दोघांचे तुरे लाल दिसायला लागले तेव्हाच कळलं की दोन नर आहेत. पाय पण जाड. चौदाव्या आठवड्यात दोघं मानेची पिसं फुलवून रोज समोरासमोर, एकाचा तुरा फुटून रक्त आलं. सात कोंबड्यांत दोन कोंबडे म्हणजे कोंबड्यांचेच हाल, एका कोंबड्याला आठ-दहा माद्या सहज चालतात. म्हणून दुसऱ्याला विट्याला नणंदेकडं दिला, तिथं बारा कोंबड्या आणि कोंबडा नव्हता. तिकडं मजेत आहे.

आरवण्याचं. पहिली बांग संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तेरावा आठवडा, अर्धीच आली आणि घशात अडकली, माझा पोरगा पळत सांगायला आला. पंधरा दिवसांत गळा मोकळा झाला आणि मग पहाटे साडेचार-पाचला सुरू. शेजारच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, "पोरगं रात्रपाळी करून येतंय गं, डोळा लागला की तुमचा कोंबडा सुरू होतोय." मला खरंच वाईट वाटलं, त्यांचं चूक नव्हतंच. मला वाटायचं कोंबडा उजेड बघून आरवतो, म्हणजे अंधार केला की गप्प बसेल. तसं नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ साली दाखवलं की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं, मंद उजेडात ठेवला तरी तो उजाडायच्या वेळेच्या आधी साधारण दोन तास आरवतोच. पुढं त्यांनी हेही बघितलं की कळपात सगळ्यात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागं नंबरानं. पैलवान एकटाच आहे, त्यामुळं त्याला कुणासाठी थांबायचं कारणच नाही.

मग अंधाराचा नाद सोडला आणि आवाजाकडं लक्ष दिलं. खुराडं काकींच्या भिंतीला लागून होतं ते उचलून आमच्या न्हाणीच्या बाजूला आणलं, आत विटांची कड करून वर जाड पोती, समोरची जाळी उघडीच ठेवली कारण हवा बंद झाली तर जनावर गुदमरतं. त्याची बसायची काठी वर छताजवळ घेतली, मान पूर्ण ताणता आली नाही की बांग बारीक निघते. सकाळी साडेसहाच्या आधी दार उघडत नाही. गळ्याला पट्टा बांधायचं एकानं सुचवलं होतं, ते मी करणार नाही, श्वासाशी खेळ नको. काकींकडं आता आवाज जातो पण पोरगा झोपतो म्हणाल्या, शिवाय आठवड्याला अंडी पोचवते.

आता खरं सांगायचंय ते फेब्रुवारीचं. साडेचार महिन्यांचा झाला आणि अंगात वारं शिरल्यासारखं झालं. तलंगा दाणा खायला लागल्या की मागनं पळत यायचा, मानेची पिसं चोचीत धरून ओढायचा, त्या किंचाळत न्हाणीमागं लपायच्या आणि दिवसभर तिथंच, दाणा नाही पाणी नाही. दोघींच्या पाठीवरची पिसं गेली. मी काठी घेऊन मधी पडायची. एक दिवस आत्या (सासूबाई) म्हणाल्या, "अगं त्याला शिकवायला ती काबरी हाय की, तू कशाला मधी पडतीस? तलंगा तेवढ्या बाजूला काढ."

तसं केलं. तीन आठवडे पाच तलंगा जाळीच्या पलीकडं, आणि अलीकडं पैलवान दोन म्हाताऱ्यांच्या ताब्यात. पहिल्याच दिवशी तो काबरीवर झडप घालायला गेला आणि तिनं वळून त्याच्या तुऱ्यावर अशी चोच मारली की तो बांधाच्या दगडावर जाऊन बसला. रोज हेच. मागनं आला की मार, दाण्यावर आधी तोंड घातलं की मार. आठ-दहा दिवसांनी तो लांबनं फिरायला लागला, एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका, आणि काबरी दुर्लक्ष करून खात राहायची. मग एका दुपारी मी शाळूची मूठ टाकली तर हा खाईना, दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, परत उचलायचा आणि कुट-कुट-कुट असा हाकारा. काबरी शांतपणे आली आणि खाल्लं. मी तिथंच उभी राहिले, हातातलं काम विसरून. ज्या कोंबडीनं तीन आठवडे मारलं तिलाच बोलवून खायला देतोय.

तलंगा परत सोडल्या तेव्हा कोंबडा वेगळाच होता. एकदा-दोनदा जुनं चाळं केलं, तर काबरी परडं ओलांडून आली. म्हणून माझं ठाम मत झालंय, तरणा कोंबडा नुसत्या त्याच्या वयाच्या तलंगांबरोबर वाढवू नका, त्याला वरचढ असणारी एखादी जुनी कोंबडी पाहिजेच. पोरी त्याला आवरू शकत नाहीत आणि आपण काठीनं शिकवतो ते त्याला भलतंच कळतं.

हे भलतंच काय ते शिमग्याच्या सुमाराला दिसलं. मी काठी उगारायची म्हणून त्यानं मला दुसरा कोंबडा धरलं होतं, बादली घेऊन वाकले की पोटरीवर उडी. पोराच्या चपलेवर पण गेला, पोरगा सहा वर्षांचा, डोळ्याची भीती वाटते. शिवाय लहानपणी मी ह्याला मांडीवर घेऊन फार भरवलं होतं, त्यामुळं माणसाचं अंतर त्याला राहिलंच नाही, ही माझी चूक, पुढच्या नराला नाही करणार. आता काठी बंद. अंगावर आला की मागं सरायचं नाही, लाथ मारायची नाही, सरळ त्याच्याच दिशेनं चालत राहायचं म्हणजे त्याला बाजूला व्हावं लागतं. फारच केलं तर पंख दाबून काखेत घ्यायचा आणि अंग ढिलं सोडेपर्यंत कामं करत फिरायचं. महिनाभरात उड्या थांबल्या. पोराला मात्र अजून एकट्याला परड्यात सोडत नाही. पायाचे काटे आता बोंडाएवढेच आहेत, नखांची टोकं महिन्याला कानशीनं बोथट करते, तलंगांच्या पाठीवर नवी पिसं आलीत.

खाण्यात एक बदल. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांचं लेअर फीड सगळ्यांनाच घालत होते, पण त्यात कॅल्शियम फार असतं, अंडी न देणाऱ्या कोंबड्याच्या किडनीला ते दीर्घकाळ दिलं तर बाधू शकतं. आता सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) आणि मक्याचा भरडा, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. कोंबड्या आपापला खातात, पैलवान त्या वाटीकडं बघत पण नाही.

गेल्या आठवड्यात शिक्रा आला. मला दिसलाच नाही, पैलवानानं एकच लांब बारीक आवाज काढला आणि सातही कोंबड्या शेवग्याखालच्या डालग्यामागं गपगार, हा एकटा बाहेर, मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळाकडं बघत. मुंगूस किंवा मांजर दिसलं की आवाज वेगळा, कट-कट-कटाक असा, तेव्हा कोंबड्या लपत नाहीत, मान वर करून उभ्या राहतात. मला पण आता ऐकून कळतं की वर बघायचं का खाली.

वजन काल १ किलो ७०० ग्रॅम. तव्यात फोडलेल्या अंड्यांत पिवळ्या बलकावर पांढरं गोल कडं स्पष्ट दिसतंय, म्हणजे अंडी फळतायत. पण ह्याच्याच बहिणींनी घातलेली अंडी उबवायची नाहीत, रक्त एकच. काबरी परवापासून खुडूक बसलीय. आत्या म्हणतात ह्या उन्हात अंडी ठेवू नको, पिल्लू आतच शिजतं, मृग निघू दे. तोवर काबरीला दिवसातनं दोनदा उचलून दाण्या-पाण्यावर सोडतेय, रात्री खुडकाच्या टोपलीऐवजी काठीवर बसवतेय. जूनमध्ये माहेराहून, कवठेमहांकाळकडनं, वेगळ्या कोंबड्याची अंडी आणायचं ठरलंय, अकरा ठेवीन, सातव्या दिवशी बॅटरीवर बघून किती धरलीत ते लिहिते.