तीन कुत्री, पाच माणसं आणि समुद्राखालून फ्रान्स

कुत्र्यांना बोर्डिंगमध्ये ठेवून आठवडाभर परदेशी जाणं पुष्कळांना जमतं. आमच्या मैनेला जमत नाही. अनोळखी जागी ठेवलं की ती अन्नाला तोंड लावत नाही, दाराकडे तोंड करून बसून राहते. शिवाय इंग्लंडात ऑक्टोबर संपत आला की दिवाळीचे फटाके सुरू होतात, ते ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्सच्या रात्रीपर्यंत उडतच राहतात. तो आवाज मैनेला सोसत नाही आणि आमच्या म्हाताऱ्या बंड्यालाही नाही. मुलांना शाळेची सुट्टी नेमकी तेव्हाच असते. म्हणून ठरवलं की सगळ्यांनी मिळून जायचं, आणि जिथे त्या दिवसांत फटाके नसतील तिथे जायचं. फ्रान्सचे नॉर्मंडी आणि ब्रिटनी हे प्रांत, आमच्याच गाडीने.

आधी मंडळींची ओळख करून देते. मैना कोथरूडची. आमच्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, तांबूस रंगाची, उभ्या कानांची, अस्सल गावठी. बंड्या लॅब्रॅडॉर, वय झालंय, मागचे पाय दुखतात, पण पाणी दिसलं की सगळं विसरतो. चिंगी टेरियरच्या जातकुळीतली, इथल्या प्राणी-निवाऱ्यातून आणलेली, आकाराने लहान आणि आवाजाने सर्वांत मोठी. माणसांत नवरा, मी, दोन मुलं आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. मैनेचा पहिला जीव त्यांच्यावर, कारण पार्किंगमध्ये तिला दूध-पोळी घालायच्या त्याच.

पुण्याहून मैनेला इंग्लंडला आणलं तेव्हा जे काही करावं लागलं, त्यापुढे फ्रान्सचं काम मला सोपं वाटलं. रेबीजच्या हिशेबात भारत ब्रिटनच्या यादीबाहेरचा देश आहे. त्यामुळे आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलीलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवं, आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने नुसतं थांबायचं. शिवाय ब्रिटनला विमानाने येणारा पाळीव कुत्रा केबिनमधून येत नाही, कार्गो म्हणूनच येतो. भारतातून थेट युरोपियन युनियनमध्ये नेतानाही ही रक्ततपासणी आणि तीन महिन्यांचा अवधी चुकत नाही. तुमच्यापैकी कुणी कुत्र्यासह परदेशी स्थायिक व्हायचं ठरवत असेल, तर व्हिसाच्या कागदांना हात घालण्याआधी मायक्रोचिप करून घ्या. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही.

इंग्लंडातून फ्रान्सला जाताना रक्ततपासणी लागत नाही. चिप हवी, लस हवी, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस गेलेले हवेत. जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचा पेट पासपोर्ट युरोपियन युनियनमध्ये चालेनासा झाला. त्याऐवजी दर प्रवासाला नवं ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट काढावं लागतं. ते फक्त अधिकृत मान्यता असलेला व्हेट, म्हणजे पशुवैद्य, देतो, ते इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत असतं, आणि दिल्यापासून १० दिवसांच्या आत सीमा ओलांडावी लागते. एका सर्टिफिकेटवर पाच प्राणी मावतात, त्यामुळे आमच्या तिघांचं काम एकाच जुडग्यात झालं. ही गोष्ट आवर्जून विचारून घ्या, कारण तिघांची तीन सर्टिफिकेटं काढली तर खर्च चांगलाच वाढतो. चिपचे पंधरा आकडे मी प्रत्येक पानावर बोट ठेवून वाचले, सासूबाईंनी मोठ्याने पुन्हा म्हटले. एक आकडा चुकला तर सीमेवर कुत्रा अडकतो, म्हणून हे काम घाईत करायचं नाही.

खाण्याचा नियम मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमधून तिकडे मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि त्यात कुत्र्यांचं खाणंही आलं. बंड्याचं पोट हळवं आहे. म्हणून फ्रान्सच्या सुपरमार्केटमध्येही मिळतं असं खाणं आधीच निवडलं आणि निघण्यापूर्वी थोडं थोडं मिसळत तिघांना त्याची सवय लावली. तुपाची बरणी घरीच राहिली. सासूबाईंनी चिवडा केला तो बेदाणे न घालता, कारण बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि गाडीत मुलांच्या हातून चिवडा सांडणारच होता.

रेडिंगच्या घरून निघून इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तिथे गाडी सकट आपण रेल्वेच्या बंद डब्यात शिरतो आणि ३५ मिनिटांत पलीकडे कॅलेला निघतो. ही रेल्वे इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून जाते. बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखालून. बोटीपेक्षा मला हाच मार्ग पसंत आहे, कारण सगळा वेळ कुत्री आपल्यापाशी, आपल्याच गाडीत असतात. पुष्कळ बोटींवर त्यांना खाली गाडीत एकटं ठेवून वर जावं लागतं. मैनेच्या बाबतीत तो विचारही नको. डब्यात दिवे लागले, गाडी हलली, कानाला किंचित दडा बसला. मैना सासूबाईंच्या पायाशी सरकली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि भीमरूपी म्हणायला लागल्या, पुण्यात फटाके वाजायचे तेव्हा म्हणायच्या तशीच. ते संपायच्या आत तिने डोळे मिटले होते.

रेबीजच्या धास्तीने ब्रिटनने बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने क्वारंटाईनमध्ये डांबण्याचा नियम अगदी २००० सालापर्यंत चालवला. त्या वर्षी पासपोर्टची योजना आली आणि युरोपातल्या कुत्र्यांची त्यातून सुटका झाली. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला रेबीजची भीती समजावून सांगावी लागत नाही. म्हणून या नियमांचा मला कधी राग येत नाही. एका लशीने माणूस आणि कुत्रा दोघंही वाचतात, आणि हा सगळा कागदोपत्री खटाटोप शेवटी ती लस नीट टोचली आहे की नाही, एवढंच पाहण्यासाठी आहे.

कॅलेनंतर उजव्या बाजूने गाडी हाकायची आणि दर दोन तासांनी थांबायचं. फ्रान्सच्या महामार्गांवर विश्रांतीच्या जागा ठायी ठायी आहेत, झाडं, गवत, पाण्याचा नळ असलेल्या. ए-१६ वरची बे द सोमची जागा तर मुद्दाम थांबावं अशी. पलीकडे पाणथळ प्रदेश पसरलेला आणि वर निरीक्षणाचा मनोरा. मुलं मनोऱ्यावर गेली, बंड्याने पाय मोकळे केले. पुढे सेन नदीच्या मुखावरचा पाँ द नॉर्मंदी लागतो, १९९५ साली खुला झालेला, ८५६ मीटरचा मधला गाळा तारांवर तोललेला. पूल चढताना सगळे गप्प होते. चिंगीसुद्धा.

आम्ही अव्राँशजवळच्या खेड्यात दगडी घर भाड्याने घेतलं होतं. फ्रान्समध्ये कुत्र्यांना घरात घेणारी भाड्याची घरं पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच कुत्रा असतो. तीन म्हटल्यावर आधी लिहून होकार घ्यावा लागतो. कुंपणाचा फोटोही मागवावा. आमच्या मालकीणबाईंनी कुंपणाच्या चारही बाजूंचे फोटो धाडले, आणि पोचलो तेव्हा ओट्यावर तीन वाडगी भरून ठेवलेली होती.

थंडीच्या तोंडावर तिकडे दोन गोष्टींना जपायचं. पहिली शिकार. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा हंगाम असतो आणि रविवारी सकाळी रानातून बंदुकांचे बार ऐकू येतात. मैना लांबून हरणासारखीच दिसते, त्यामुळे तिघांना भगवी जाकिटं घातली आणि रविवारी रानाच्या वाटेला गेलोच नाही. दुसरी गोचीड. फ्रान्समध्ये गोचिडींमधून पायरोप्लाझ्मोसिस हा ताप पसरतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद होते, कुत्रा मलूल पडतो, आणि उपचाराला उशीर झाला तर दगावतो. वसंत आणि शरद हे या गोचिडींचे दिवस. व्हेटने निघण्यापूर्वी औषध दिलं होतं, तरी रोज संध्याकाळी घरी आल्यावर दिव्याखाली तिघांची तपासणी व्हायची. सासूबाई बोटांनी चाचपत मैनेच्या कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत शोधायच्या, मुलगी बॅटरी धरायची, मुलगा प्लास्टिकच्या आकडीने गोचीड फिरवून मुळासकट काढायचा. ओढायची नाही, फिरवायची. मला ती सबंध सहलीतली सर्वांत आवडती वेळ वाटते. टीव्ही नाही, फोन नाही, सगळं घर जमिनीवर बसलेलं.

माँ-सँ-मिशेल म्हणजे माथ्यावर जुना मठ असलेलं खडकाळ बेट. तिथे गेलो तो वारा होता आणि आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. वाहनतळापासून पुलावरून चालत गेलो. २०१४ साली हा नवा पूल झाला, त्याखालून भरतीचं पाणी वाहू लागलं आणि माँ-सँ-मिशेल पुन्हा खऱ्या अर्थाने बेट झालं. अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे; बंड्यासाठी मध्ये मध्ये बसत गेलो. दोन्ही बाजूंच्या खाऱ्या कुरणांत काळ्या तोंडाची मेंढरं चरत होती, त्यामुळे दोरी हातातून सोडायची नाही. वाळूतही उतरायचं नाही: तिथे रुतवणारी जागा आहे, भरती फार वेगाने आत येते, आणि वाटाड्याशिवाय माणसांनीही जाऊ नये. वरच्या मठात कुत्र्यांना प्रवेश नाही. आम्ही पाळीपाळीने वर गेलो. पहिल्यांदा नवरा, सासूबाई आणि मुलं; मी तिघांना घेऊन तटाच्या भिंतीशी बसले. जपानी आजी-आजोबांनी चिंगीसोबत फोटो काढले, एका फ्रेंच मुलीने बंड्याच्या कानात काहीतरी गुपित सांगितलं. मग मी एकटी वर गेले. कुत्र्यांसोबत फिरताना अशा पाळ्या लावाव्याच लागतात, आणि त्यातून प्रत्येकाला थोडा एकांत मिळतो, जो एरवीच्या कौटुंबिक सहलीत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सँ-मालो. तटबंदीतलं हे गाव ऑगस्ट १९४४ मध्ये बाँबहल्ल्यांत आणि आगीत बेचिराख झालं, आणि नंतर जुन्या घाटणीनेच दगडावर दगड रचत पुन्हा उभं राहिलं. पण मला तिथे ओढून नेलं ते कुत्र्यांच्या इतिहासाने. ओहोटीला इथलं बंदर कोरडं पडायचं, जहाजं वाळूवर टेकायची आणि चोरांना मोकळं रान मिळायचं. म्हणून बाराव्या शतकापासून गावाने राखणीला दांडगे मास्टिफ पाळले. रात्री दहाची घंटा झाली की वेशी बंद व्हायच्या आणि कुत्री किनाऱ्यावर मोकळी सुटायची. १७७० साली उशिरा परतणाऱ्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याचा त्यांनी जीव घेतला, आणि गावाने ती कुत्रीच संपवली. तटावरून चालताना हे सासूबाईंना सांगितलं. त्या थांबल्या, खाली वाळूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सहाशे वर्षं राखण केली गं त्यांनी. त्यांची काय चूक?” मग सगळा वेळ मैनेची दोरी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. दहाची ती घंटा अजून वाजते.

उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्यांवर कुत्र्यांना मनाई असते. हंगाम सरल्यावर मोकळीक मिळते, तरी पाटी वाचूनच उतरावं. ओहोटीला सियाँच्या किनाऱ्यावर ओक वृक्षांचे जाडजूड खांब लाटा थोपवायला रोवलेले दिसतात. बंड्या त्यांच्यामधून थेट पाण्यात गेला. पाय दुखणारा कुत्रा पोहताना तरुण दिसतो, कारण पाणी त्याचं वजन उचलतं. मैना ओल्या वाळूवर गोल गोल धावली, वेड्यासारखी, कान मागे टाकून.

जेवायला एका क्रेपच्या, म्हणजे फ्रेंच धिरड्यांच्या, खाणावळीत गेलो. फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी कुत्री आत येतात, टेबलाखाली बसतात, आणि कुणी मान वळवून पाहत नाही. वाढणाऱ्या मुलाने आमच्यापुढे मेनू ठेवण्याआधी मैनेपुढे पाण्याचं वाडगं ठेवलं. पार्किंगमध्ये असताना हिने दगडही खाल्ले होते आणि दूध-पोळीही. सासूबाईंचे डोळे भरून आले. माझेही.

परतीची एक अट कडक आहे. ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत व्हेटकडून टेपवर्मचं औषध द्यावं लागतं आणि तारीख-वेळ सर्टिफिकेटवर नोंदवून घ्यावी लागते. युरोपातल्या कोल्ह्यांमध्ये आढळणारा, माणसाच्या यकृतावर हल्ला करणारा एक टेपवर्म ब्रिटनमध्ये नाही, तो येऊ नये म्हणून हा नियम. अव्राँशच्या व्हेटची वेळ आम्ही घरूनच ठरवून ठेवली होती. त्यांनी तिघांच्या चिप वाचल्या, गोळ्या दिल्या, शिक्का मारला. घड्याळातली वेळही लिहिली आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. नुसत्या तारखेवर भागत नाही.

कॅलेला पाळीव प्राण्यांचं वेगळं कार्यालय आहे. तिथे चिप वाचण्याचं यंत्र आपल्याच हातात देतात आणि आपणच आपल्या कुत्र्याच्या खांद्यांवरून ते फिरवायचं. मुलीने बंड्याची चिप वाचली, मुलाने चिंगीची, सासूबाईंनी मैनेची. तिन्ही आकडे कागदाशी जुळले, काचेपलीकडच्या बाईंनी हसून कागद परत दिले.

पुढच्या वेळी मे महिन्यात जायचं ठरतंय, उन्हं तापायच्या आत, आणि एकाच घरात मुक्काम ठेवून. बंड्याला रोज गाडीत चढवणं आता नको. त्याच्यासाठी उताराची फळी मागवली आहे आणि घर शोधताना मी एकच गोष्ट पाहते आहे: पाणी चालत गाठता येईल इतकं जवळ आहे का.